डावरीच्या सात पिना

डावरीला सिनेमात काम मिळाले ते एका चुकीमुळे. मेजवानीच्या दृश्यात चोवीस दासी उजव्या तळहातावर फळांची तबके घेऊन रांगेने येणार होत्या. तेवीस तशा आल्या. चोविसावी, पंधरा वर्षांची एक मुलगी, तबक डाव्या हातावर घेऊन आली आणि ते शेजारणीच्या तबकावर आपटले. द्राक्षे घरंगळत थेट राजाच्या खुर्चीखाली गेली. "ही डावरी कुणी आणली?" असे दिग्दर्शक ओरडले. मुलगी घाबरली नाही. तिने खाली बसून द्राक्षे वेचली, त्यातले एक तोंडात टाकले आणि म्हणाली, "उरलेल्या तेवीसजणी उजव्या निघाल्या, त्याला मी काय करू?" पुढच्या महिन्यात तिला नायिकेच्या मैत्रिणीचे काम मिळाले. डावरी हे नाव तेव्हापासून चिकटले ते आजतागायत.

हे सगळे तिच्याकडून ऐकलेले आहे. माझ्या वहीत नाही, कारण मी स्टुडिओत आले ती त्यानंतर चार वर्षांनी.

माझे काम होते वही लिहिण्याचे. सिनेमा तुकड्यातुकड्यांनी काढतात. आज कप उचलला तो तुकडा, आणि तोच कप खाली ठेवला तो तुकडा आठ दिवसांनी. मधल्या काळात कप अर्धा भरलेला होता की पाऊण, ओढणीची गाठ कुठल्या खांद्यावर होती, दार किती उघडे होते, हे कुणीतरी लिहून ठेवावे लागते. कॉन्व्हेंटात सिस्टरनी आम्हाला रोज रात्री निजण्यापूर्वी दिवसाची नोंद लिहायला लावली होती. त्या सवयीवर मला ती नोकरी मिळाली. स्टुडिओत सगळे मला वहीबाई म्हणत. कामाच्या वह्यांची एक प्रत मी घरच्यासाठी काढत असे. त्या वह्या आजही माझ्या कपाटात सालवार आहेत.

डावरीने एकोणीस चित्रपटांत काम केले. नऊ वेळा मैत्रीण, चार वेळा धाकटी बहीण, तीनदा परिचारिका, दोनदा शेजारीण आणि एकदा पहिल्याच दृश्यात मरणारी बायको. नायिका ती कधीच झाली नाही. पण नायिकेची उंची आणि तिची उंची एक होती, म्हणून दिवे लावताना नायिकेच्या जागी तासन्तास उभे राहण्याचे कामही तिच्याच वाट्याला येई. त्या नायिकेला आम्ही पाठीमागे राणीसाहेब म्हणत असू. दोघींचे कपडे एकाच मापावर शिवलेले असत. "ती बसली की मी उभी, ती उभी राहिली की मी बाजूला," असे डावरी म्हणायची. "माझं सगळं आयुष्य खुर्ची गरम ठेवण्यात गेलं."

एकोणतिसाव्या वर्षी तिने लग्न केले. नवऱ्याचे औषधांचे दुकान होते. तिथे ती तीस-बत्तीस वर्षे गल्ल्यामागे उभी राहून बाटल्यांवर चिठ्ठ्या लिहीत असे. डाव्या हाताने लिहिल्यामुळे ओली शाई तळहाताला लागायची. करंगळीखालचा तिचा तळवा मी निळा नसलेला पाहिलाच नाही. दोघींची लग्ने झाली, माझी मुले झाली, तिची मुलगी झाली, आमचे दोघींचे नवरे गेले, तरी आमचे फोन थांबले नाहीत.

राणीसाहेब गेल्या त्याला आता वर्ष होईल. वर्तमानपत्रांनी अर्ध्या पानाचे छायाचित्र छापले. तेच छायाचित्र, जे त्या काळी भिंतीभिंतीवर होते. नायिका आरशाशिवाय, भिंतीकडे तोंड करून बसली आहे. चेहरा दिसत नाही. दिसते ती मान, भिंतीवरचे घड्याळ आणि अंबाड्यातली एकेक पिन काढणारा हात. नवरा सोडून गेल्याचे कळल्यावर ती काही न बोलता केस सोडते, एवढेच ते दृश्य. लोकांनी ते डोक्यावर घेतले होते.

डावरीने वर्तमानपत्र उघडले, चहाचा कप बाजूला ठेवला आणि मुलीला म्हणाली, "ही मी आहे."

मुलगी दंतवैद्य आहे. दवाखाना घराच्या पुढच्या खोलीतच. मुलगी वाईट नाही, हे मला आधी लिहिले पाहिजे. पण गेल्या वर्षात आईने दोनदा गॅस सुरू ठेवला होता. एकदा ती शेजाऱ्यांच्या दाराला आपली किल्ली लावत बसली होती, आणि एकदा नवऱ्यासाठी ताट वाढून त्याची वाट पाहत होती. त्यात आता हे. दर चार दिवसांनी कात्रण पुढे करून "ही मी आहे" म्हणायचे. मुलीने वृद्धांच्या एका निवासात खोली पाहून ठेवली होती. गुरुवारी स्मृतीचे डॉक्टर घरी येणार होते, आणि त्यांच्या कागदावर 'नवीन भास किंवा कल्पना' अशी एक ओळ होती. मुलीने त्या ओळीपुढे लिहिले होते : 'आपण सिनेमातली प्रसिद्ध नायिका होतो असे सांगते.'

सोमवारी डावरीचा फोन आला. "वहीबाई, तू ये. तुझ्या वह्यांत बघून ये. ही मला खोटी ठरवून धाडायला निघालीय."

मी गेले. तिघी स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसलो. मुलीने हातमोजे काढून ठेवले होते, पण दवाखान्यातला वास तिच्याबरोबर आला होता.

"मावशी, तुम्हीच सांगा," ती म्हणाली. "हा फोटो बघा. ही बाई उजव्या हाताने पिना काढतेय. आईने जन्मात उजव्या हाताने चमचा धरला नाही."

"हात माझाच आहे," डावरी म्हणाली.

"उजवा?"

डावरीने फोटो जवळ ओढला आणि म्हणाली, "ते मलाही कळत नाही. पण मान माझी आहे."

"आई, स्वतःची मान कुणी बघितलीय का?"

"मी बघितलीय. दोन वर्षं गावभर भिंतींवर होती. भाजी आणायला निघाले की तीनदा दिसायची."

मुलगी हसली आणि लगेच हसू आवरले. मी मात्र गोंधळले होते. "तू मला साठ वर्षांत एका शब्दाने बोलली नाहीस," मी म्हणाले.

"तिला शब्द दिला होता," डावरी म्हणाली. "राणीसाहेबांना. आदल्याच आठवड्यात त्या तापातून उठल्या होत्या. हात असे थरथरत होते की पिन सापडेना. माझ्या मेकअपच्या खोलीत स्वतः आल्या. कधी येत नसत. म्हणाल्या, कुणाला सांगू नकोस हं. दिग्दर्शक म्हणाले, पुढच्या चित्रपटात तू नायिका. पुढचा चित्रपट काही निघाला नाही. पण शब्द राणीसाहेबांना दिला होता, दिग्दर्शकांना नाही. त्या गेल्या, मी मोकळी झाले."

"मग तेव्हा मी कुठे होते?" मी विचारले.

"तू? तू कॅमेऱ्याच्या मागे. खाली मान घालून लिहीत होतीस. तू कधी वर बघायचीस का?"

हे खरे होते. त्या दिवसाचे मला काही म्हणजे काही आठवत नव्हते. माझे असेच होते. जे लिहिले ते डोक्यातून जाते, आणि जे लिहिले नाही ते तर आधीच गेलेले असते. आमचे हे म्हणायचे की माझी स्मरणशक्ती कपाटात आहे आणि किल्ली पदराला.

घरी येऊन मंगळवारी सकाळी वही काढली. नोंद सापडली. अक्षर माझेच, स्वच्छ.

'दृश्य ११४. नायिका पाठमोरी. अंबाडा सोडते. सात पिना. घड्याळ (अंक नाहीत, नुसत्या रेघा) चार वाजून वीस मिनिटांवर बंद करून ठेवले. जेवणापूर्वी एकदा घेतले : उजवा हात. जेवणानंतर पुन्हा घेतले : डावा हात. दिग्दर्शकांना सांगितले की हात बदलला. "बघू" म्हणाले. दोन्ही ठेवायचे. खोलीत फक्त पाचजण. राणीसाहेब ११ ते ४ हजर.'

मी ती नोंद चार वेळा वाचली. 'नायिका'. आमच्या कामात भूमिकेचे नाव लिहायचे, माणसाचे नाही. नटी बदलली तरी कप तेवढाच भरलेला हवा, म्हणून. म्हणजे मी पिना मोजल्या, काटे लिहिले, आणि पुढ्यात कोण बसले होते तेवढे मात्र लिहिले नाही.

तरी अर्थ लावता येत होता. जेवणापूर्वी राणीसाहेब, उजवा हात. जेवणानंतर डावरी, डावा हात. डावरी खोटे बोलत नव्हती, तिने ते काम केले होते. पण चित्रपटातल्या त्या छायाचित्रात उजवा हात आहे. म्हणजे शेवटी वापरला तो राणीसाहेबांचा तुकडा. तिला फक्त कुणी ते सांगितले नसावे. चित्रपट तयार होताना मीही तिथे नव्हते. माझे लग्न ठरले होते आणि दोन महिन्यांत मी नोकरी सोडली. चित्रपट पाहिला तो तान्ह्या मुलाला मांडीवर घेऊन, आणि त्या दृश्याच्या आधीच तो रडू लागल्याने बाहेर उठून गेले होते.

मला वाटले, हे सांगितले तर दोघींचे समाधान होईल. मी फोन केला आणि वाचून दाखवले.

डावरीने ती नोंद मला पुन्हा एकदा वाचायला लावली.

"म्हणजे भिंतींवर ती होती," ती शेवटी म्हणाली.

"वहीवरून तसं दिसतं."

"मग असेल. तुझी वही काही चुकत नाही." लगेच तिने विचारले, "मग ते दुसरंही नसेल का गं? तिचं खोलीत येणं? ते तरी लिहिलंयस?"

"ते कुठे लिहिणार? मी त्या खोलीत नव्हते."

"म्हणजे तेही नसेल," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

थोड्याच वेळात मुलीचा फोन आला. ती आभार मानायला लागली होती, पण तिचा आवाज काही आनंदी नव्हता. "आई कपाट आवरून बसलीय, मावशी. म्हणते, पाठव मला कुठे पाठवायचं ते. माझं सगळंच खोटं असेल. बाबा तरी खरे होते का, असं विचारलं मला."

मी काय केले ते मला कळेना. खरे सांगितले होते. वहीत होते तेच सांगितले होते. तरी दुपारभर घरातल्या घरात इकडून तिकडे करत राहिले आणि चहात दोनदा साखर घातली.

बुधवारी मी आठवड्याची कात्रणे वहीत चिकटवते. ते छायाचित्र वर्षभर पाकिटात पडून होते. मेल्या माणसाची कात्रणे मी लगेच चिकटवत नाही, का ते मला सांगता येणार नाही. त्या दिवशी काढले. पाठीमागे हवामानाचा तक्ता होता. त्यावर खळ लावली. कागद पातळ, खळ जास्त झाली, म्हणून ती कुठे राहिली आहे ते बघायला मी तो खिडकीच्या उजेडासमोर धरला. खळ माझ्याकडच्या बाजूला होती. ओल्या कागदातून पलीकडचे चित्र आरपार दिसू लागले.

घड्याळात चार वाजून वीस मिनिटे झाली होती.

मी म्हटले, बरोबर. चार वीस. मीच लावले होते. मग कागद उलटा करून चित्राची बाजू पाहिली. आठला वीस कमी.

पुन्हा उलटा केला. चार वीस. पुन्हा. आठला वीस कमी. सोमवारी त्यांच्याकडे हेच छायाचित्र मी तासभर पाहिले होते, पण तेव्हा सगळ्यांचे लक्ष हाताकडे होते. घड्याळ कुणी पाहिले? मी सुद्धा नाही, आणि माझा तर तो धंदा. पहिल्यांदा मला वाटले की वहीत चूक आहे. नंतर वाटले की माझेच डोके गेले, आता माझ्या मुलांनीही एखादी खोली बघावी. पाच मिनिटे मी खळीचे बोट हवेत धरून नुसती उभी होते.

मग पाठीमागून दिसणाऱ्या हाताकडे नजर गेली. तो डावा होता.

मी छायाचित्र चिकटवले नाही. तसेच ओले, ताटात घालून, रिक्षाने डावरीकडे गेले. मुलगी एका माणसाच्या तोंडात आरसा घालून बसली होती. "मावशी, बसा, दहा मिनिटं," ती म्हणाली. मी बसले नाही. त्या माणसाचे तोंड उघडेच होते. मी ताट तिच्यापुढे धरले.

"घड्याळ मी बंद केलं होतं. चार वीस. दोन्ही वेळा चार वीस. इथे आठला वीस कमी कसे?"

तिने चित्र पाहिले. मग ताट खिडकीजवळ नेऊन कागद उचलला आणि पाठीमागून पाहिला. मला वाटले, आता समजावून सांगावे लागेल. पण ती सरळ म्हणाली, "उलटी लावलीय फिल्म."

"कसं कळलं?"

"रोजचंच आहे. एक्स-रे उलट्या बाजूने बघितला की डावी दाढ उजवीकडे दिसते. म्हणून आमच्या फिल्मवर एका कोपऱ्यात बारीक टिंब असतं. टिंब कुठे आहे ते बघितल्याशिवाय दाढ काढायची नाही." खुर्चीतल्या माणसाने डोळे मोठे केले. "तुमची बघितलीय, घाबरू नका," ती त्याला म्हणाली.

मग ती स्टुलावर बसली. "म्हणजे त्यांनी मुद्दाम उलटी छापली. हात उजवा दिसावा म्हणून."

"राणीसाहेब उजव्या होत्या," मी म्हणाले. "जगाला ठाऊक होतं. डावा हात दिसला असता तर लोकांनी विचारलं असतं, ही कोण."

"आणि घड्याळाला अंक नव्हते म्हणून कुणाला कळलं नाही."

"मला कळायला हवं होतं. पण तोवर मी नोकरी सोडली होती."

खुर्चीतला माणूस तोंड उघडे ठेवून काहीतरी विचारत होता. तिने त्याला चूळ भरायला सांगितले आणि आत गेली. मी मागोमाग.

डावरी पलंगावर बसून घड्या घातलेले कपडे पुन्हा उलगडून पुन्हा घड्या घालत होती. मुलगी तिच्यापुढे जमिनीवर बसली. इतकी मोठी बाई, पांढरा कोट घालून. तिने ओला कागद उजेडात धरून आईला दाखवला.

"आई, ही तू आहेस."

डावरीने बराच वेळ पाहिले. "हो, मी आहे," ती म्हणाली. "काल म्हणालात, मी नव्हते."

"काल चुकलं. माझं आणि मावशींचं."

"वहीबाईचं चुकलं?" तिने माझ्याकडे असे पाहिले, जणू काही यापुढे जगात काहीही होऊ शकते. मग हसली. "लिहून ठेव हो."

मुलीने आतून डॉक्टरांचा कागद आणला आणि आईसमोर ती ओळ खोडली. एकदा नाही, तीनदा, खालचा शब्द वाचता येऊ नये म्हणून. मला वाटले, झाले. आता खोलीचे काही नाही. मी तसे म्हणालेही.

मुलीने माझ्याकडे पाहिले. ती दमलेली दिसत होती. "मावशी, साठ वर्षांपूर्वीचं तिला सगळं आठवतं. आज सकाळी गॅस सुरू होता. मी दवाखान्यात असते, वास आला म्हणून कळलं."

मी एवढे सिद्ध करून नेमके काय सिद्ध केले होते? मी डावरीकडे पाहिले. आता ती भांडेल असे वाटले.

ती भांडली नाही. "गॅसचं खरं आहे," ती म्हणाली. "ते मला कळतं. मला तुझ्या त्या खोलीचं काही नव्हतं गं. खिडकी चांगली आहे तिची. मला फक्त वेडी म्हणून जायचं नव्हतं. त्या निवासाच्या फॉर्मवर तू माझं काय लिहिलंयस? व्यवसाय?"

मुलगी उलगडलेल्या एका कपड्याची घडी घालू लागली.

"गृहिणी लिहिलंयस ना? मी दुकानात बत्तीस वर्षं उभी होते, त्याआधी चौदा वर्षं दिव्यांत उभी होते. घरात कधी बसले मी?"

मुलीने फॉर्म आणला. डावरीने पेन मागून घेतले, डाव्या हातात धरले, 'गृहिणी'वर काट मारली आणि वर लिहिले, 'अभिनेत्री'. शाई तळव्याला लागली. तिने ती कोटाला पुसली, मुलीच्या पांढऱ्या कोटाला, आणि मुलीने पुसू दिली.

दवाखान्यातल्या माणसाने बाहेरून खाकरून आठवण करून दिली तेव्हा मुलगी उठली. आम्ही दोघीच राहिलो. मला एक गोष्ट पक्की करून घ्यायची होती.

"पिना किती होत्या?" मी विचारले.

"नऊ," ती लगेच म्हणाली.

"वहीत सात आहेत."

"नऊ गं. दोन आधीच काढून मी मुठीत ठेवल्या होत्या. पुढे गोंधळ नको म्हणून. मूठ कुणाला दिसत नव्हती."

मी निघण्यापूर्वी मुलीने टॅबलेटवर ते दृश्य लावून दिले. मी नाकाशी धरून दोनदा मोजल्या. सहा. एक तुकडा बहुधा कापताना गेला असावा, किंवा एखादी पिन माझ्या डोळ्यांतून सुटली असावी.

त्या दिवशीच्या पानावर मी लिहिले : सात, नऊ, सहा. एकाच गोष्टीचे तीन आकडे मी याआधी कधी लिहिले नव्हते. कुठला खोडावा ते कळेना, म्हणून एकही खोडला नाही. त्याखाली भूमिकेचे नाव लिहिण्याच्या जागी तिचे खरे नाव लिहिले, आणि वही मिटली.